आधी प्रतिकृतीवर, मग रुग्णावर

मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला की डॉक्टर अनेकदा मांडीतून बारीक नळी सरकवत मेंदूपर्यंत नेतात आणि तो फुगा आतूनच बंद करतात. वाटेतली नागमोडी वळणे फक्त पडद्यावर दिसतात. चुकीला जागा नसते.

अमेरिकेतील बफेलो शहरातल्या जेकब्स इन्स्टिट्यूटने आधी सराव करता यावा म्हणून थ्रीडी प्रिंटर कामाला लावला. रुग्णाच्या मेंदूच्या स्कॅनमधल्या पातळ कापांतून संगणक रक्तवाहिन्या तेवढ्या वेगळ्या काढतो. मग प्रिंटर रबरासारख्या मऊ, पारदर्शक पदार्थाचे थरावर थर चढवून त्याच रुग्णाच्या वाहिन्यांची प्रतिकृती घडवतो. तिच्यात द्रव खेळवायचा, खरी नळी घालायची, खरे उपकरण बसवून बघायचे.

तिथल्या डॉ. अदनान सिद्दीकी यांनी एका महिलेवरील उपचाराची अशीच रंगीत तालीम केली. फुग्यात जाळीची टोपली बसवायचा बेत होता. प्रतिकृतीत तो फसला! बेत बदलला आणि उपचार यशस्वी झाले. हीच अडचण प्रत्यक्ष मेंदूत आली असती तर? या तंत्राचे मोल पटायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

अर्थात, रक्तवाहिनीच्या जिवंत भिंतीचा नाजूकपणा प्रतिकृतीत हुबेहूब उतरत नाही. ती छापायलाही कित्येक तास लागतात. फुगा फुटूनच रुग्ण आला तर तेवढी उसंत नसते. त्यामुळे ही तालीम मुख्यतः आधी ठरवून करायच्या, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी वापरली जाते.