विमानतळावरील तपासणी आणि क्ष-किरण

विमानतळावरील रांगेत हा प्रसंग वरचेवर दिसतो. कोणा प्रवाशाची पेटी सरकत्या पट्ट्यावरून यंत्राच्या बोगद्यात शिरते, क्षणभर थबकते, मागे जाते, पुन्हा पुढे येते आणि अखेर बाजूस काढली जाते. आत निघतो तो बेसनाच्या लाडवांनी गच्च भरलेला स्टीलचा डबा. प्रवासी किंचित रागावतो. मागचे लोक घड्याळाकडे पाहू लागतात. लाडवांत संशय घेण्याजोगे यंत्रास काय बरे दिसले असावे?

वस्तुतः यंत्रास लाडूही दिसत नाही आणि स्फोटकही दिसत नाही. त्यास दिसते ती सावली. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला व थोड्याच आठवड्यांत आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडांच्या व बोटातील अंगठीच्या सावल्या उमटल्या होत्या. सामान तपासणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. फक्त त्यात एका युक्तीची भर पडली आहे. पेटीतून आरपार आलेले किरण दोन निरनिराळ्या ऊर्जांच्या गटांत मोजले जातात. कमी ऊर्जेचे किरण किती शोषले जातात, हे पदार्थातील अणूंच्या अणुक्रमांकावर फार अवलंबून असते. अधिक ऊर्जेच्या किरणांचे क्षीण होणे मुख्यत्वे घनतेवर अवलंबून असते. दोन्ही मोजमापांची तुलना केली म्हणजे पदार्थ साधारण कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज येतो व त्याप्रमाणे पडद्यावर रंग भरले जातात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ नारिंगी दिसतात, लोखंड व तांबे निळे, आणि मधल्या किंवा मिश्र जातीचे हिरवे.

लाडवाची अडचण येथेच आहे. बेसन, साखर व तूप ही सारी हलक्या मूलद्रव्यांची बनलेली. पुष्कळशी स्फोटकेही तशीच. दोहोंचा रंग नारिंगी. त्यातून लाडू दाट व डबा पोलादी, म्हणजे निळ्या कड्यात नारिंगी गोळे! पडद्यासमोर बसलेल्या माणसास काही सेकंदांत निर्णय द्यावयाचा असतो. अशा वेळी त्याने डबा उघडावयास सांगितला, तर तो प्रवाशावरील आरोप मानू नये. सावली नीट वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एका डब्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे वाटणाऱ्याने २३ जून १९८५ ची घटना आठवावी. त्या दिवशी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडनजीक समुद्रावर स्फोटाने कोसळले व ३२९ जणांचा मृत्यू झाला. बाँब असलेली बॅग व्हँकूव्हर येथे विमानात चढविण्यात आली होती. तिचा मालक मात्र विमानात बसलाच नव्हता. टोरोंटो येथे सामान तपासता तपासता क्ष-किरण यंत्र बंद पडले आणि उरलेल्या पेट्या हातात धरावयाच्या एका साध्या उपकरणाने तपासण्यात आल्या. पुढे आपल्या देशात १९८७ साली नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्युरो हे स्वतंत्र खाते झाले. प्रवासी चढला नाही तर त्याचे सामानही उतरविले जाते. उशीर झाला म्हणून आपण कुरकुरतो खरे, पण त्यामागे ही किंमत आहे.

तेव्हा तयारी करावयाची ती आपली सावली वाचनीय व्हावी अशी. लॅपटॉप व त्यासारखी मोठी उपकरणे बाहेर काढावयास सांगतात, कारण त्यांतील बॅटरी व धातूचे पत्रे खालच्या वस्तूंना झाकून टाकतात. तारांची गुंतवळ एका लहान पिशवीत ठेवावी. खाद्यपदार्थ वरच, चटकन उघडेल अशा डब्यात असावेत. चाकू, कात्री, अडकित्ता हे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात घालावे. यंत्रातून गेलेले अन्न किरणोत्सारी होते अशी भीती काहींस वाटते. ती निराधार आहे.

माणसाची तपासणी वेगळ्या तत्त्वावर होते. ज्या चौकटीतून आपण चालत जातो तिच्यातील वेटोळी बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतात व चौकट त्यांची चाहूल घेते. सोने चुंबकास चिकटत नाही, तरी बांगड्यांनी घंटी वाजते, ती याचमुळे. आपल्याकडे चौकटीनंतर हातातील उपकरणानेही झडती होते; स्त्रियांची झडती पडद्याआड स्त्री-कर्मचारी घेतात. हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणारे यंत्र शरीरात बसविलेले असेल, तर ते आधीच सांगावे व त्याचे कार्ड जवळ ठेवावे.

द्रवांचा नियम २००६ सालचा. त्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातच्या सामानातील बाटलीवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. मोजतात ती बाटलीची क्षमता, आतील द्रव नव्हे. अर्धी रिकामी २०० मिलिलिटरची बाटली म्हणून चालत नाही. अर्भकाचे दूध व आवश्यक औषधे यांस सवलत असते.

पॉवर बँकेची गोष्ट उलट आहे. ती हातातच ठेवावी, पोटातील सामानात कधीही नको. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर प्रवाशांच्या कक्षात ती विझविता येते; खाली तेथवर कोणाचा हात पोचत नाही. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० मिलिअँपिअर-तास व ३.७ व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-तास झाले, ती चालेल. अंक पुसला गेला असेल तर मात्र हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आणि कोकणातून निघणाऱ्यांसाठी एक सूचना. सुके खोबरे बरोबर घेऊ नये. त्यातील तेल हवेशी संयोग पावून आपोआप तापू शकते. म्हणून विमानवाहतुकीच्या धोकादायक पदार्थांच्या यादीत त्याचा समावेश आहे.