नव्या टँकमधले मासे का मरतात?

आमच्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी कुणाला तरी फिश टँकचा झटका येतोच. रविवारी टाकी येते, सोमवारी दोन गोल्डफिश, आणि पुढच्या रविवारी ते उलटे तरंगतात. मग एक्स्पर्ट मंडळी जमतात. कोणी म्हणतं पाणी खराब, कोणी म्हणतं दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले. माझं म्हणणं, बहुतेक वेळा मासा ठणठणीत असतो. टाकीच तयार नसते.

मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. जुन्या टाकीत काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, अधूनमधून थोडं पाणी बदललं की निभावतं. (पुस्तकांत नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टरचं नाव असायचं. १९९८ मध्ये हॉवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम नायट्रोस्पायरा करतात.) सिव्हिलवाल्यांना हे नवीन नाही, सांडपाण्याच्या प्लांटमध्ये हेच चालतं. पण हे बॅक्टेरिया भलतेच सावकाश वाढतात. दही रात्रीत लागतं. यांना एकाचे दोन व्हायलाच साधारण दिवस लागतो. म्हणून टाकी 'सायकल' व्हायला चार ते सहा आठवडे जातात.

आता गंमत बघा. काही शहाणे महिनाभर नुसतं पाणी फिरवत ठेवतात आणि मग मासे सोडतात. उपयोग शून्य! बॅक्टेरियांना खायलाच काही नव्हतं, तर ते वाढणार कसे? रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर फिश फूड टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो. त्याहून बरं म्हणजे कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंज मागून आणायचा. हे आपलं विरजण!

दुसरा घोळ आपल्या स्वच्छतेच्या सवयीतून होतो. पहिल्या आठवड्यात पाणी पांढुरकं दिसलं की लोक टाकी रिकामी करून खडे, स्पंज सगळं नळाखाली घासून काढतात. अहो, बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते स्पंजवर आणि खड्यांवर चिकटलेले असतात! वर नळाच्या पाण्यात क्लोरीन. स्पंज मळलाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा, बस्स. पांढुरकेपणा आपोआप जातो.

आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून फसू नका. अमोनिया दिसत नाही. त्याचं टेस्ट किट घ्या, शोभेच्या किल्ल्यापेक्षा ते जास्त गरजेचं. बोअरचं पाणी असेल तर पीएचही बघा: २५ अंशाला पीएच ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो, ८ ला साधारण पाच टक्के. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, म्हणजे टाकी तयार. मग दोन-तीन छोटे मासे सोडा, एकदम डझनभर नकोत.

मासे आधीच सोडले असतील तर खाणं कमी करा, आणि किटमध्ये रंग चढला की क्लोरीन काढलेल्या पाण्याने पाव ते अर्धं पाणी बदला. फिल्टर चोवीस तास चालू हवा, नाहीतर स्पंजमधले बॅक्टेरिया ऑक्सिजनवाचून मरायला लागतात. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद होणार का, हे रेक्टर सरांना टाकी आणायच्या आधीच विचारा.