पंचविसाव्या हिश्शाचा ट्रक

"एवढा घोडा झालास, तरी खेळण्यातल्या गाड्या काही सुटत नाहीत!" आमच्या घरी हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतेच. घरातल्या एकुलत्या एक टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी प्लॅस्टिकचे तुकडे मांडले, की जेवणाची ताटे जमिनीवर घ्यावी लागतात. तेव्हा आईची तक्रार अगदीच गैरवाजवी आहे असे मला म्हणता येणार नाही. गंमत अशी, की मी जे जोडत बसतो त्यालाही ट्रकवाल्यांच्या भाषेत 'घोडा'च म्हणतात. ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन म्हणजे घोडा. असो.

या वेडाची सुरुवात एका चित्रपटापासून झाली. स्टीव्हन स्पीलबर्गचा १९७१ सालचा 'ड्युएल' पुष्कळांनी पाहिला असेल. एका सामान्य मोटारवाल्याच्या मागे एक मळकट, गंजका टँकर हात धुऊन लागतो, एवढीच काय ती गोष्ट. ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. दिसतो तो ट्रकचाच चेहरा: लांबट अरुंद नाक, दोन भागांची काच आणि डोळ्यांसारखे दिवे. तो ट्रक पीटरबिल्ट कंपनीचा १९५५ सालचा २८१ हा नमुना होता, हे मी नंतर शोधून काढले. आणि शोधता शोधता असा अडकलो, की परीक्षेच्या तोंडावर अमेरिकन ट्रकांचे फोटो गोळा करीत बसलो. त्याचा परिणाम गुणपत्रिकेत दिसतो. त्याविषयी येथे लिहीत नाही.

पीटरबिल्ट हे नाव कसे पडले ते सांगण्यासारखे आहे. वॉशिंग्टन राज्यातील टाकोमा येथे पीटरमन नावाचा लाकडाचा व्यापारी होता. जंगलातून ओंडके बाहेर काढण्यासाठी त्याला हवे तसे दणकट ट्रक बाजारात मिळेनात. तेव्हा १९३९ साली त्याने कॅलिफोर्नियातील ओकलंडचा, फॅजिओल या मोडकळीस आलेल्या कंपनीचा कारखानाच विकत घेतला. 'पीटरने बांधलेला' तो पीटरबिल्ट! त्याचा जुना प्रतिस्पर्धी केनवर्थ हा सिएटलचा, १९२३ सालचा. तेथेही केंट आणि वर्दिंग्टन या दोन माणसांची नावे कापून एकत्र जोडलेली आहेत. आज या दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या आहेत, पण त्यांचे चाहते मात्र आपल्याकडच्या दोन गणेश मंडळांसारखे अजून भांडतात.

अमेरिकेत अशा गाडीला 'अठरा चाकी' म्हणतात. हिशेब सोपा आहे. घोड्याच्या पुढच्या धुऱ्याला दोन चाके, मागच्या दोन धुऱ्यांना जोडीजोडीने आठ, आणि ट्रेलरच्या दोन धुऱ्यांना आणखी आठ. घोडा आणि ट्रेलर जेथे जुळतात त्या भागाला मात्र 'पाचवे चाक' असे नाव आहे, आणि ते चाक मुळीच नाही! ती एक जाड पोलादी तबकडी असते. तिला मागून खाच असते; ट्रेलरच्या पोटाखालची दोन इंच व्यासाची खुंटी त्या खाचेत शिरून अडकते आणि तिच्याभोवती सगळा ट्रेलर वळतो. चार चाकी घोडागाडीचा पुढचा धुरा वळावा म्हणून तेथे एक आडवे वर्तुळाकार कडे बसवीत. त्याचे हे नाव आजवर चालत आले आहे.

आता नमुन्याकडे वळू. माझा पहिला नमुना पीटरबिल्ट ३५९ चा. हा ट्रक १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षे निघत होता. एएमटी या अमेरिकन कंपनीने त्याचा जोडणीसंच फार पूर्वीच काढला होता आणि त्याच नावाने तो पुन्हा बाजारात आला. पुण्यातील एका दुकानदाराने तो मला मागवून दिला. किंमत सांगितली तर हा अंक घरी पोहोचताच माझी धडगत नाही.

संचाचे प्रमाण १:२५. म्हणजे खऱ्या गाडीतील पंचवीस इंच येथे एका इंचात बसतात. युरोपातील इटालेरी वगैरे कंपन्या १:२४ हे प्रमाण वापरतात. फरक किरकोळ वाटेल, परंतु सहा फुटी माणूस एकात ७३ मिलिमीटर होतो तर दुसऱ्यात ७६. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या केबिनमध्ये बसवला तर टप डोक्याला लागते. अठ्ठेचाळीस फुटी ट्रेलर करायचा म्हटला तर तेवीस इंच लांबी होते. म्हणून आमच्या घरात घोडाच तेवढा आहे, ट्रेलर नाही.

प्लॅस्टिकच्या चौकटींवर शेकडो भाग फळासारखे लटकलेले असतात. ते ओरबाडून काढायचे नाहीत, कापायचे. मग कानशीने डेख घासायचे. याचा डिंक चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक वितळवतो. दोन कडा विरघळून एकजीव होतात; वेल्डिंगच म्हणा ना. म्हणूनच चकचकीत मुलामा दिलेल्या भागांवर तो चालत नाही. सांध्यापुरता मुलामा खरवडावा लागतो. हे मला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे धुराड्याचे दोन्ही नळ तीन वेळा गळून पडले. खिडकीच्या काचांना मी झटपट चिकटणारा डिंक लावला, तर त्याच्या वाफेने काचांवर पांढरे धुके चढले. आणखी एक शत्रू असतो तो टायरांत. त्यांच्या मऊ पदार्थातील तेलकट अंश हळूहळू झिरपतो आणि वर्षा-दोन वर्षांत आतले प्लॅस्टिकचे चाक खाऊन टाकतो. उपाय म्हणून मी मधे चॉकलेटच्या वेष्टणाची चांदी घालतो.

सर्वांत कठीण काम चासीचे. ट्रकची चासी म्हणजे शिडी: दोन लांब तुळया आणि मधे आडव्या पट्ट्या. ती काचेवर ठेवून चौकोनी जुळवावी लागते, कारण केसभर जरी पीळ राहिला तरी दहापैकी एक चाक हवेत तरंगते. माझे तरंगलेच. गरम पाण्यात बुडवून, काचेवर वजनाखाली दाबून दोन दिवसांनी ती ताळ्यावर आली.

हे करता करता एक गोष्ट लक्षात आली. जे भाग मला केवळ ऐट वाटत होते, त्यांतील बहुतेकांना कारण होते. बॉनेटच्या दोन्ही अंगांना ढोलासारखी हवागाळणी असतात, ती बाहेर असल्यामुळे बॉनेट न उघडता साफ करता येतात. धुराडी वर नेली की धूर आणि आवाज डोक्यावरून जातो. केबिन अॅल्युमिनियमची, रिवेट मारलेली. कारण तेथील महामार्गावर भरलेल्या गाडीचे एकूण वजन साधारणपणे ८०,००० पौंडांच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे सुमारे ३६ टन. गाडीचे वजन जितके कमी तितका माल जास्त. क्रोमचा झगमगाट मात्र निव्वळ हौस, आपल्याकडच्या गोंड्यांसारखी.

आणि ते लांब नाक? मला वाटे, अमेरिकनांना मोठे तेच आवडते. तसे नाही. एके काळी तेथील अनेक राज्यांत घोडा आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा होती. नाकात गेलेला प्रत्येक फूट मालातून वजा होई. म्हणून चपट्या तोंडाचे, इंजिनावरच केबिन बसवलेले ट्रक रस्त्यावर भरले. त्यांत ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या बरोबर वर बसतो, प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्यात जातो. इंजिनाला हात लावायचा तर अख्खी केबिन पुढे उलटवायची; आत विसरलेला चहाचा पेला, चपला, कागद, सारे काचेवर येऊन आदळते. १९८२ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांवर एकूण लांबीची मर्यादा काढली आणि राज्यांना फक्त ट्रेलर मोजण्याची मुभा ठेवली. झाले! नाके पुन्हा वाढली आणि तेथील चपटे घोडे काही वर्षांत दिसेनासे झाले. युरोपात मात्र घोडा आणि ट्रेलर मिळून साडेसोळा मीटर असा नियम राहिला, म्हणून तेथे अजून चपटेच दिसतात. पुढे इंधनाचा खर्च आडवा आला. १९८५ साली केनवर्थने टी ६०० हा उतरत्या नाकाचा ट्रक काढला, तेव्हा ड्रायव्हरांनी त्याला मुंगीखाऊ म्हणून हिणवले. वारा कापण्यात तो सरस होता. दिसायला नव्हता, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

हे सगळे मी एका संध्याकाळी अण्णांना सांगत होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. अठ्ठावीस वर्षे त्यांनी ट्रक चालवला, कंबरेने दगा दिला तेव्हा सोडला. माझ्या उद्योगाकडे ते कधी वळून पाहत नसत. त्या दिवशी त्यांनी ३५९ हातात घेतला, नाकावरून बोट फिरवले आणि विचारले, "इंजिन हितं म्होरं? म्हंजे केबिनच्या भायेर?"

"हो, अण्णा."

"आन् ह्यो पेटारा कसला?"

केबिनच्या मागची झोपण्याची पेटी मी स्वतः प्लॅस्टिकच्या पत्र्यातून केली होती. खरी छत्तीस इंच खोल, म्हणजे नमुन्यात जेमतेम ३७ मिलिमीटर. मी त्यांना सांगितले, की यात ड्रायव्हर पाय पसरून झोपतो. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी ताडपत्रीवर झोपायचो. पावसात गाडीखाली."

अण्णांचा ट्रक टाटाचा १६१३. हे आकडे म्हणजे मर्सिडीजच्या सहकार्याच्या काळापासून चालत आलेली पद्धत: पहिले दोन भारासह वजनाचे टन, नंतरचे दोन शक्तीचे, तेरा म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. त्याचे नाक अर्धेच बाहेर असते. इंजिनाचा उरलेला भाग केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी, झाकणाखाली. थंडीत किन्नर त्या झाकणावर बसतो, उन्हाळ्यात त्याच्याजवळ हात नेववत नाही. अण्णांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आम्ही सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलतो. त्याचा त्या झाकणाशी संबंध मी त्या संध्याकाळपर्यंत जोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून विचारले, "आपल्या गाडीचं करता यील का रं असलं?"

त्या गाडीचा संच मला कोठे सापडला नाही. आणि गाडीही नाही. मालकाने ती केव्हाच भंगारात काढली. तेव्हा मापे अण्णांच्या डोक्यातून काढायची असे ठरले. दोन धुऱ्यांमधले अंतर ४.२ मीटर, ते १६८ मिलिमीटर झाले. टायर ४२ मिलिमीटरचे, बाटलीच्या बुचावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवून केले. हौदा सतरा फुटी, आइस्क्रीमच्या काड्यांचा. पाटे मी आठ लावले तर अण्णांनी वाकून मोजले आणि दोन वाढवायला सांगितले. ताडपत्रीचे हुक चुकीच्या बाजूला आले होते, तेही उपटले. पूर्वी रात्री नऊला झोपणारा माणूस आता बारापर्यंत टेबलाशी बसतो. आईची तक्रार आता दोघांविषयी असते.

या सुट्टीत काम रंगापाशी येऊन अडले आहे. अण्णा म्हणतात केबिन निळी होती. आई त्या गाडीत एकदाच, माझ्या वेळी बाळंतपणाला माहेरी जाताना बसली होती, आणि ती ठामपणे हिरवी म्हणते. घरात फोटो एकच आहे आणि तोही मागून काढलेला. त्यात हौद्याची फळी, तिच्यावरचे अर्धे पुसलेले अक्षर आणि शेजारी उभे असलेले तरुण अण्णा दिसतात. दोन्ही रंगांच्या डब्या मी आणून ठेवल्या आहेत.