जर्मनच्या भगुन्यातली वीज

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे निघतात. बिऱ्हाडातली सगळ्यात हलकी चीज म्हणजे जर्मनची भगुनी. नाव जर्मन, धातू ॲल्युमिनिअम. ज्या कोल्हापुरात ती चुलीवर चढतात, तिथल्याच राधानगरीच्या डोंगरात त्याचं खनिज, बॉक्साइट, सापडतं. बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना ही पांढरी भुकटी होते. पण भुकटीतून धातू काढायला वीजच लागते.

ती का, हे समजायला आधी मीठ घेऊ. मिठाच्या खड्यात सोडिअमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की कुणी जागचं हलत नाही. म्हणून कोरड्या खड्यातून वीज वाहत नाही. 801 अंश सेल्सिअसला मीठ वितळलं की हे आयन सुटे होतात. सोडिअमचे आयन ऋणाग्राकडे जातात, इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होतात. क्लोरीनचे धनाग्रावर इलेक्ट्रॉन सोडून वायू होतात. मग पाण्यात का नाही विरघळवायचं? कारण तिथे ऋणाग्रावर पाण्यातला हायड्रोजनच आधी बाहेर पडतो आणि सोडिअम पाण्यातच राहतो. ॲल्युमिनिअमचंही तेच.

ॲल्युमिना मात्र 2000 अंशांच्याही वर वितळतो. ही कोंडी 1886 साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू या जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या दोन तरुणांनी स्वतंत्रपणे फोडली. त्यांनी ॲल्युमिना क्रायोलाईट नावाच्या वितळलेल्या क्षारात विरघळवला आणि काम 960 अंशांच्या आसपास भागलं. मला हा शोध विजेच्या दिव्याइतकाच मोठा वाटतो. आजही भट्ट्या याच रीतीनं चालतात. धातू जड म्हणून तळाशी साचतो. ऑक्सिजन कार्बनच्या धनाग्रालाच जाळत जातो, त्यामुळे ते सारखं बदलावं लागतं.

एका भट्टीला दाब चार-पाच व्होल्टचाच पुरतो, पण प्रवाह लाखो अँपिअरचा लागतो. कारण ॲल्युमिनिअमच्या प्रत्येक आयनाला तीन इलेक्ट्रॉन द्यायचे असतात. किलोभर धातूला साधारण 14 युनिट वीज जाते. तेवढ्यावर 9 वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर दहा महिने चालेल.

भोक पडलेलं भगुनं भंगारवाल्याकडे जातं, तेव्हा ऑक्सिजनपासून धातू सोडवायचं काम उरलेलं नसतं. तो 660 अंशांना नुसता वितळवायचा. त्याला नव्या धातूच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते.