नैसर्गिक गर्भनियोजन आणि प्रजननकाळाचे टप्पे

नैसर्गिक गर्भनियोजन म्हणजे मासिक पाळीची नोंद व शारीरिक लक्षणे यांवरून गर्भधारणेस अनुकूल दिवस ओळखण्याची पद्धत होय. स्त्रीबीज सुमारे १२ ते २४ तास टिकते, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

पाळी नियमितपणे २६ ते ३२ दिवसांनी येत असल्यास चक्राचे ८ ते १९ हे दिवस गर्भधारणाक्षम मानतात. भारतात ते मोजण्यासाठी ‘मालाचक्र’ ही रंगीत मण्यांची माळ वापरली गेली आहे. अपत्य हवे असलेल्या जोडप्यांनाही हीच माहिती उपयोगी पडते. वयात येताना आणि रजोनिवृत्तीपूर्वीच्या काळात पाळी अनियमित असल्याने केवळ दिवसांच्या मोजणीवर विसंबता येत नाही.

बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्यापूर्वीच स्त्रीबीज बाहेर पडू शकते. म्हणून पाळी आली नाही तोवर दिवस राहत नाहीत, हा समज चुकीचा आहे. बाळ ६ महिन्यांहून लहान असणे, ते रात्रंदिवस केवळ अंगावर पीत असणे आणि पाळी सुरू झालेली नसणे या तिन्ही अटी पाळल्या गेल्यास सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते. यांपैकी एकही अट मोडल्यास दुसरे साधन आवश्यक ठरते. मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांत शेतमजुरी किंवा ऊसतोडीसाठी आई दिवसभर बाळापासून दूर राहिल्यास स्तनपानात खंड पडतो आणि दुसरी अट मोडते. प्रसूतीनंतर ४२ व्या दिवसापर्यंत आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी होतात. त्या वेळी याविषयी सल्ला घेता येतो.