अल्प खर्चात दप्तराची दुसरी प्रत

मुळशी तालुक्यातील चांदे हे गाव पुणे शहराच्या पश्चिमेस आहे. शहरालगतच्या अशा गावांत घरे व मिळकती वाढतात, तसा ग्रामपंचायतीच्या दप्तराचा भारही वाढतो. नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही, ग्रामसभेची इतिवृत्ते, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टर यांवर सामान्य माणसाची अनेक कामे अवलंबून असतात. जनरल रजिस्टरातील एक पान नष्ट झाल्यास एखाद्या विद्यार्थ्याचा जातीचा दाखला अडू शकतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला; २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक कागदपत्रे जळाली. पाणी व अग्नी यांच्यापुढे कपाटाचे कुलूप निरुपयोगी ठरते. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली दुसरी प्रत हाच खरा उपाय होय.

साधनांची निवड

हल्लीच्या बहुतेक संगणकांत डिस्क लिहिण्याची सोय नसते. म्हणून यूएसबीने जोडता येणारा बाह्य डीव्हीडी रायटर घेणे सोयीचे. तो सीडी व डीव्हीडी दोन्ही लिहितो. सीडीवर ७०० मेगाबाइट, तर साध्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट माहिती मावते. एका पानाचे चित्र अर्ध्या मेगाबाइटचे धरल्यास एका डीव्हीडीवर सुमारे ९ हजार पाने बसतात. कायम जतनासाठी एकदाच लिहिता येणारी डिस्क घ्यावी. तिच्यावरील मजकूर चुकून पुसला जात नाही व संगणकातील विषाणूही तो बदलू शकत नाही.

सॉफ्टवेअरसाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये डिस्क लिहिण्याची मूळचीच सोय आहे. लिनक्सवर के३बी व ब्रासेरो हे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात.

पडताळणी व जतन

डिस्क लिहून झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून काही फाइली प्रत्यक्ष वाचून पाहाव्यात. डिस्कवर चिकटपट्टी लावू नये. मधल्या पारदर्शक भागावर डिस्कसाठीच्या मार्करने वर्ष व विषय लिहावा. या डिस्कमधील रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता व दमटपणा यांनी खराब होतो. मुळशीसारख्या पावसाळी तालुक्यात ती डबीत घालून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवणे अगत्याचे आहे.

एकूण तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी डिस्कवर, तिसरी बाह्य हार्डडिस्कवर. त्यांपैकी एक गावाबाहेर, उदाहरणार्थ पंचायत समितीच्या कार्यालयात, रीतसर नोंद करून ठेवावी. व्यक्तिगत माहितीच्या प्रती मात्र कुलूपबंदच असाव्यात.

डिस्कचा काळही मर्यादित आहे. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबविले. म्हणून दर काही वर्षांनी जुन्या डिस्कवरील मजकूर नव्या साधनावर उतरविला पाहिजे. ३१ मार्चला हिशेब बंद करताना दप्तराची प्रत काढण्याचा व जुनी प्रत तपासण्याचा पायंडा प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने पाडल्यास गावाच्या नोंदी पुढील पिढीच्या हाती सुखरूप जातील.