दाब वाढवावा की हवा थंड करावी?

जुन्या टर्बो गाडीचा दम वाढवायला निघालेल्याने आधी दोन आकडे पाहावेत. टर्बोचा दाब 0.7 बारवरून 1.0 बारवर नेला, तर इंजिनात सुमारे 10 टक्के जास्त हवा जाते. दाब 0.7 बारच ठेवला आणि हवा तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून फिरवली, तर सुमारे 12 टक्के जास्त जाते. जुन्या टर्बोवर जादा दाबाचा बोजा न टाकताही तेवढीच, किंबहुना कांकणभर जास्त हवा मिळते. डहाणू-तलासरीच्या दमट, गरम पट्ट्यात हा हिशेब विशेष कामाचा आहे.

हवा का तापते?

टर्बोचं काम हवा दाबून इंजिनात भरणं. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे दाबून कमावलेल्यातलं बरंच उष्णतेत जातं. बाहेर 35 अंश सेल्सिअस, समुद्रसपाटीचा दाब, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के आणि इंटरकूलर वाढीव उष्णतेतली 70 टक्के काढून टाकतो, असं धरलं तर चित्र असं दिसतं. इंटरकूलरच्या नळ्यांत 0.05 बार दाब खर्ची पडतो, तोही यात वजा केला आहे.

| टर्बोचा दाब | इंटरकूलर | इंजिनात शिरताना तापमान | हवेची घनता (बाहेरची = 1) |
|---|---|---|---|
| 0.7 बार | नाही | 107 अंश | 1.38 |
| 0.7 बार | आहे | 57 अंश | 1.54 |
| 1.0 बार | नाही | 131 अंश | 1.52 |
| 1.0 बार | आहे | 64 अंश | 1.78 |

दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून पाहा. हवा जवळपास सारखीच, पण तिसऱ्या ओळीतलं इंजिन 74 अंश जास्त गरम हवा ओढतंय. डिझेल इंजिनात ही उष्णता पुढे एक्झॉस्टमध्ये उतरते, आणि टर्बोची चाकं, पिस्टन, हेड गॅस्केट यांना सोसावी लागते. पेट्रोल इंजिनात तर इंजिन ठोकायला लागण्याची भीती, म्हणून तिथे थंड हवेचं महत्त्व आणखी जास्त.

हिवाळ्यात पहाटे तलासरीहून निघालेली गाडी दुपारपेक्षा हलकी पळते, असं ड्रायव्हर मंडळी सांगतात. त्यात तथ्य आहे. 20 अंशांची हवा 35 अंशांच्या हवेपेक्षा 5 टक्के घन असते.

नुसत्या हवेने ताकद येत नाही

डिझेल इंजिनाची ताकद शेवटी जळणाऱ्या डिझेलवर ठरते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे 14.5 किलो हवा लागते, पण सिलिंडरमध्ये दोन्ही नीट मिसळत नाहीत. त्यामुळे हे प्रमाण साधारण 18 च्या खाली आलं की काळा धूर दिसू लागतो. गॅरेजमध्ये नुसता ‘मॅप’, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली, बदलून डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली, तर पिकअप जाणवतो, पण मागच्याला धूर खावा लागतो. उलट इंटरकूलर बसवला आणि डिझेल वाढवलं नाही, तर इंजिन थंड राहतं, ताकद मात्र फारशी वाढत नाही. दोन्ही गोष्टी जोडीनेच कराव्या लागतात.

75 आणि 90 पीएसचं गणित

कारखान्याने हेच कसं केलं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे फियाटचं 1,248 सीसी मल्टिजेट इंजिन. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यातही ते बनत होतं. मारुतीने 2007 मध्ये डिझेल स्विफ्टमध्ये ते 75 पीएस आणि 190 न्यूटन-मीटर टॉर्कसह आणलं. पुढे एसएक्स4, अर्टिगासारख्या गाड्यांत त्याच इंजिनाने 90 पीएस आणि 200 न्यूटन-मीटर दिले. त्यात टर्बोची पाती गरजेनुसार कोन बदलणारी होती आणि सोबत इंटरकूलर होता.

ताकद 20 टक्के वाढली, कमाल टॉर्क मात्र 5 टक्केच. ही जादा ताकद आहे कुठे? मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर. तिथे 75 पीएसच्या इंजिनाचा टॉर्क 132 न्यूटन-मीटर भरतो, 90 पीएसच्या इंजिनाचा 158. डहाणूहून आशागड, चारोटी, कासामार्गे जव्हारकडे जाताना ट्रकमागे तिसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन 4,000 फेऱ्यांवर कितीदा जातं? तिथे उपयोग 1,800 ते 2,500 फेऱ्यांमधल्या ओढीचा. म्हणून काम करून घेताना ‘किती पीएस’ विचारण्याआधी ‘कुठल्या फेऱ्यांवर’ हे विचारावं.

आणखी एक मेख. इंटरकूलरला समोरून वारा लागतो. चारोटी टोलनाक्याच्या रांगेत गाडी पावलापावलाने सरकत असेल, तर तो तापून बसतो. त्याची क्षमता 70 वरून 40 टक्क्यांवर घसरली, तर 0.7 बारला हवा 57 ऐवजी 78 अंशांची होते आणि 12 टक्क्यांचा फायदा 5 टक्क्यांवर येतो. डहाणू-बोर्डी किनाऱ्यावरची खारी हवा ॲल्युमिनियमच्या पात्यांना खाते, पावसाळ्यातला चिखल त्यांच्यामधल्या फटी बुजवतो. त्यामुळे धुलाई वेळच्या वेळी हवी.

वेग किती वाढतो?

फार कमी. भरधाव गाडीची बहुतेक ताकद वाऱ्याला कापण्यात जाते आणि ही गरज वेगाच्या घनाने वाढते. ताकद 12 टक्के वाढली तर कमाल वेग 4 टक्के वाढेल. 20 टक्के वाढली तर 6 टक्के. ताशी 160 किलोमीटरची गाडी 166 किंवा 170 पर्यंत जाईल.

राष्ट्रीय महामार्ग 48 वर मोटारींना ताशी 100 किलोमीटरच्या वर परवानगीच नाही. 30 किलोमीटरचं अंतर 100 च्या वेगाने 18 मिनिटांत कापलं जातं, 120 ने 15 मिनिटांत. वाचली तीन मिनिटं. त्यासाठी काय मोजावं लागतं? कोरड्या रस्त्यावर, एका सेकंदात ब्रेकवर पाय गेला असं धरलं, तर 100 च्या वेगाची गाडी थांबायला सुमारे 84 मीटर लागतात, 120 ला 114. ओल्या रस्त्यावर हेच आकडे सुमारे 126 आणि 175 होतात.

4 सप्टेंबर 2022 रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीला याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. तीन पदरी रस्ता तिथे दोन पदरी होत होता. गाडी महागडी असूनही मागच्या सीटवरचे, पट्टा न लावलेले दोघे वाचले नाहीत.

कायदा आणि क्रम

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात परवानगीवाचून फेरफार करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी 15 वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओपुढे तपासणीला न्यावीच लागते. अपघात झाला तर विमा कंपनीही कागद आणि इंजिन ताडून पाहते. म्हणून आरटीओत आधी विचारावं, मग पाना उचलावा.

खर्चाचा क्रम असा ठेवावा. आधी टायर आणि ब्रेक. मग टर्बोचे होज आणि क्लॅम्प, कारण दहा-पंधरा वर्षांच्या रबराला बारीक चीर गेली असेल तर दाब तिथूनच गळतो. ती बुजवली की हरवलेला दम बिनफेरफाराचा परत येतो. त्यानंतर एअर फिल्टर आणि इंजेक्टरची तपासणी. एवढं करूनही समाधान नसेल आणि परवानगी मिळत असेल, तरच इंटरकूलर आणि त्याला साजेसं डिझेल. दाब वाढवणं सगळ्यांत शेवटी: जुन्या टर्बोच्या दांड्याला आधीच मिनिटाला लाखाच्या वर फेरे पडत असतात, आणि त्याच्यावर आणखी भार टाकून मिळणारे 10 टक्के सगळ्यांत महाग पडतात.